अशक्तपणावर दत्तक पुत्र

चहा घ्या आधी. हा किस्सा तुम्हाला आज ना उद्या कोणीतरी सांगणारच, आणि सांगणारा त्यात आपल्या पदरचं तिखट टाकणार. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. मीच शिजवली, मीच वाढतो!

तर मागच्या वर्षी मला थकवा यायला लागला. साधासुधा थकवा नाही हो! आठवीच्या पोरांना नकाशात गोदावरी दाखवायला नाशिकपासून निघालो की पैठण येईपर्यंत हात भरून यायचा. त्यात शाळेची ऑनलाइन माहिती, मतदारयाद्या, वरून "सर, आजच्या आज पाठवा" असे मेसेज. डोकं सदान्‌कदा तापलेलं. आमची सुमन म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." आता पन्नाशीतल्या नवऱ्याने बायकोचं पहिल्याच वेळी ऐकलं, तर जगात किस्से घडायचे कसे?

मी गेलो बीडला, आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात. म्हणलं, "अंगात ताकद यावी आणि डोकं थंड व्हावं, असं काहीतरी द्या."

दुकानदाराने काउंटरवर डब्यांची रांगच लावली. अश्वगंधा, शतावरी, ब्राह्मी, तुळस. त्यातही चूर्ण वेगळं, गोळी वेगळी, कॅप्सूल वेगळी. एका डब्यावर उधळलेला घोडा, दुसऱ्यावर डोळे मिटून बसलेली बाई. मी घोडा व्हावं का बाईसारखं बसावं, तेच ठरेना.

"सर, ह्या सगळ्याला ॲडॅप्टोजेन म्हणत्यात," दुकानदार म्हणाला. "टेन्शन आलं की शरीर त्याच्याशी जुळवून घेतंय."

"मग माझ्यासाठी ह्यातलं कोणतं?"

"ते प्रकृतीवर हाय. कोणतं बी घ्या, दुधासंगं घ्यायचं. घरात कोणी घेतलेलं असंल तर त्यांना इचारा."

झालं! मी रिकाम्या हाताने निघालो, फक्त तो एक शब्द घेऊन. शब्द मात्र मला फार आवडला. ॲडॅप्टोजेन! कसा भारदस्त! कारण आपल्याकडे चारचौघांत नुसतं 'अश्वगंधा' म्हणायची सोय आहे का? म्हणून बघा. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या बायकोकडे बघतो आणि मग उगाच हसतो.

एसटीत उभा होतो. एका हाताने दांडा धरलेला, चष्मा पिशवीच्या तळाशी. म्हणलं, भावकीच्या ग्रुपवर विचारू. मराठी टाइप करणं म्हणजे मला तांदळातले खडे निवडल्यासारखं, म्हणून फोनचा माइक दाबला आणि बोललो. गाडीचा खडखडाट, कंडक्टरची घंटी आणि माझं इंग्रजी, या तिघांनी मिळून फोनला जे ऐकवलं ते त्याने इमानदारीने लिहून पाठवलं:

"मंडळी, वय झालं, थकवा येतो. म्हणून एक चांगलं ॲडॉप्शन घ्यायचं ठरवलं आहे. कोणाच्या माहितीत असेल तर सांगा. आधी थोडे दिवस घेऊन बघू. नाही मानवलं तर बंद करू."

ॲडॉप्शन! दत्तक! मला हे माहीत नव्हतं बरं का. माझाच मेसेज मी कशाला वाचू? मी काय बोललो ते मला ठाऊकच होतं की! तुम्हाला मात्र आता कळलंय, तेवढं ध्यानात ठेवा आणि पुढचं ऐका.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आम्हाला एकच मुलगी, प्राजक्ता. पुण्याला नोकरी करते. आणि आमची चौदा एकर जमीन, विहिरीला बारमाही पाणी. गेली वीस वर्षं सगळी भावकी मला एकच विचारते, "गुरुजी, तुमच्या मागं ह्याचं कसं?" आणि वीस वर्षं मी हसून विषय बदलतो.

एरवी त्या ग्रुपवर सकाळी देवाचा फोटो आणि संध्याकाळी पावसाचा अंदाज, एवढंच. त्या दिवशी फोन थरथरायचा थांबेना. मी डोळे बारीक करून एकेक ओळ लावली.

"विचार पक्का का?"

"पक्का," मी पुन्हा बोलूनच पाठवलं.

"बाहेरचं घेणार का?"

"बाहेरचं नको. भेसळ असते. ओळखीतलं, खात्रीचं पाहिजे."

या उत्तराला सतरा जणांनी हात जोडले. मला वाटलं, आयुर्वेदाबद्दल केवढी श्रद्धा आपल्या घराण्यात!

घरी पोचतो न पोचतो तोच पालीहून विठ्ठलआबांचा फोन. आबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ.

"भास्करा, लई चांगलं ठरवलंस बे! पण लहान बघायलास का मोठं?"

"आधी लहानच घेतो, आबा. मानवलं तर मग मोठं."

"लहान नको. लहान्याला दूध लागतंय."

"दूध लागणारच की. दुकानदार पण तेच म्हणला."

"दुकानात बी मिळायलेत का आता?"

"ढिगानं! रांग लावून ठेवलेत."

"काय जमाना आला!" आबांनी सुस्कारा सोडला. "त्यापेक्षा माझ्याकडं घरचंच एक हाय. सत्तावीसचं."

मला वाटलं, सत्तावीस वनस्पतींचं. "मग तर ताकदीचं असेल!"

"ताकद? अरे, पोत्यावर पोतं उचलतंय! सुमनला बी त्याचा आधार व्हईल. रविवारी घेऊनच येतो."

बघा, याला म्हणतात भाऊ! मी सुमनला सांगितलं, "आबा रविवारी औषध घेऊन येतायत." तिने पोहे भिजवले.

रविवारी आबा आले. कडक इस्त्रीचं धोतर, हातात पेढ्यांचा बॉक्स, डोळ्यांत पाणी.

"आणलं का?" मी विचारलं.

"आणलं की. भाईर उभं केलंय."

"बाहेर कावून? उन्हात ठेवलं की सगळा गुण जातो त्याचा!"

आबा गहिवरले. "बघ सुमन, आतापासूनच केवढी माया!" आणि त्यांनी हाक मारली, "बंटी, ये रे आत!"

आणि औषध आत आलं. सहा फुटी, पिळदार मिशांचं, अत्तर लावलेलं! आबांचा धाकटा मुलगा. त्याने वाकून माझे पाय धरले आणि म्हणाला, "पाया पडतो, पप्पा."

मी त्याच्या पाठीमागे बघितलं. "डबा कुठंय?"

"पेढ्याचा? बाबांच्या हातात हाय की."

सुमन पोह्यांची ताटली धरून तशीच उभी. आणि नेमका तेवढ्यात प्राजक्ताचा फोन आला. ग्रुप तिने आवाज बंद करून ठेवलेला, तो मेसेज तिला त्या सकाळी दिसला.

"पप्पा, तुम्ही दत्तक घेताय? मी काय मेले का?" तिने एका दमात विचारलं. "आणि थोडे दिवस घेऊन बघणार, नाही मानवलं तर बंद करणार? माझ्या वेळी पण असंच ठरवलं होतं का?"

सुमनने चष्मा आणून माझ्या नाकावर ठेवला. मी माझा मेसेज वाचला. पहिल्यांदा! मग मोठ्याने वाचला. मग आबांना, बंटीला आणि फोनवरच्या प्राजक्ताला ॲडॅप्टोजेन म्हणजे काय, ते समजावलं. सुमन पदर तोंडाला लावून अशी हसली, की निम्मे पोहे जमिनीवर.

प्राजक्ता हसली नाही. म्हणाली, "कळलं, पप्पा. फोन चुकला. पण सतरा जणांनी हात जोडले, आणि एकानेही विचारलं नाही, की प्राजक्ताचं काय. तुम्ही तरी त्यांना कधी सांगितलंत का?"

सतरा जणांचं सोडा, मी अठरावा होतो.

मग मी चष्मा लावून, एका बोटाने, एकेक अक्षर लिहिलं: "तो शब्द औषधाचा होता. दत्तक घेत नाही. जमीन प्राजक्ताची आहे." अर्धा तास लागला. त्याला एकानेही हात जोडले नाहीत.

(औषधाचं काय झालं म्हणता? दुसऱ्या दिवशी सुमनने मला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि विचारलं, दिवसाला चहा किती? मी म्हणलं, नऊ कप. पुढचं बोलणं सुमनशीच झालं.)

पण इकडे आबा डोक्याला हात लावून बसलेले. "भास्करा, तू मला खड्ड्यात घातलंस! बंटीला दोन एकरावर कोणी पोरगी देईना. परवा मांजरसुंब्याच्या पाव्हण्यांना सांगून बसलो, पोराला चौदा एकर येणार. ते हो म्हणले! आता काय सांगू त्यांना?"

बंटी म्हणाला, "खरं सांगून टाकू, बाबा. लग्न झाल्यावर कळलं तर तिला काय वाटंल? काका, तुमी चला संगं. तुमच्या तोंडून पटंल त्यांला."

माझ्या तोंडून! ज्या तोंडाने हा सगळा घोळ घातला त्याच तोंडाने मी त्या दुपारी मांजरसुंब्याला जाऊन पहिल्यापासून सगळं सांगितलं. घोडा, बाई, एसटी, सतरा हात, उन्हात ठेवू नका, सगळं. मुलीचे वडील धिप्पाड माणूस, चेहऱ्यावरची रेघ हलेना. आतून मात्र बांगड्या वाजल्या आणि कोणीतरी खुदकन हसलं.

वडिलांनी बंटीकडे मान वळवली. "मंग पोटापाण्याला करता काय?"

"पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरतो," बंटी म्हणाला. "इहिरीतल्या, बोरातल्या. पालीत दुकान हाय. उन्हाळ्यात जेवायला सवड न्हाई मिळत."

"आँ? हे आधी कावून न्हाई सांगितलं?"

आबा खाली बघत म्हणाले, "चौदा एकरापुढं ते काय सांगायचं..."

मुलीचे वडील उठून आत गेले. आम्ही तिघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. आबांच्या कपाळावर घाम, बंटी मिशी चावतोय, आणि मी मनातल्या मनात कपिलधारच्या देवाला नारळ बोललो. पाचेक मिनिटांनी ते बाहेर आले.

"पोरगी तयार हाय. म्हणती, इतकं खरं बोलणारं घर पुन्हा मिळायचं न्हाई." आबांनी डोळे पुसले. "पण माझी एक अट हाय," मुलीचे वडील म्हणाले.

मला वाटलं, आता हा माणूस निदान दोन एकर तरी मागणार!

त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "लग्नपत्रिकेचं काम ह्या गुरुजींकडं द्यायचं न्हाई. लग्नाच्या जागी बारसं छापून यायचं!"