खडूची फुली

२०१२ साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि शाळा फक्त तिसरीपर्यंत झाली होती. तरी बुटीबोरीच्या कापड कारखान्यात मला सगळे कवी म्हणत. फक्त चेकरभाऊ म्हणत नसत.

ते तयार कापड तपासत. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत जायचं. धागा तुटलेला दिसला, गाठ दिसली, की खडूची फुली. बोलतानाही नजर कापडावरच.

जेवणाच्या सुट्टीत मी कविता ऐकवी. बाकीचे वा वा करत. हे भाकर खाता खाता मध्येच बोट आपटत. "इथं गाठ आहे गा."

"मग कसं करू?"

"माझं काम फुली माराचं. मी रफूवाला नाही."

राग यायचा. घरी जाऊन तीच ओळ चारदा म्हणून बघायचो. गाठ असायचीच. कबूल मात्र कधी केलं नाही.

बायको गेली तेव्हा तिच्यावर कविता लिहिली. पुस्तक काढायचं मनात होतं, त्यात हीच पहिली येणार होती. चांदणं, तुळस, तेवता दिवा, सगळं घातलं होतं. चेकरभाऊंनी शेवटपर्यंत ऐकली.

"हे कोणाची बायको होय?"

"माझी. काहून?"

"वहिनीले मी पाहिलं ना. डबा द्याले गेटवर याच्या अन् वॉचमनसंग भांडाच्या. ते बाई यात कुठं आहे?"

"तू माझ्या घरचं मले सांगतो?"

"मी नाही सांगून राहिलो. तुमची कविता सांगून राहिली."

त्या दिवसापासून मी दुसऱ्या टेबलावर जेवू लागलो. पुढच्या वर्षी ते रिटायर होऊन आपल्या गावी, खाप्याला गेले. हार घालायलाही मी पुढे झालो नाही. आता हे लिहितानाही लाज वाटते.

मीही रिटायर झालो. कवितांची वही सदर भागातल्या एका प्रेसला छापायला दिली, आणि त्याच आठवड्यात चेकरभाऊ वारल्याचं कळलं.

तेरवीला खाप्याला गेलो. जेवणं आटोपल्यावर कोणी म्हणालं, कवी आले आहेत, दोन शब्द बोला. मी उभ्याउभ्या मंद समईबद्दल, शांत सागराबद्दल चार ओळी म्हटल्या. लोकांनी माना डोलावल्या. एकानेही मध्ये अडवलं नाही. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

निघताना त्यांच्या बायकोने विचारलं, "भाऊजी, ते कोणावर म्हटलं? आमच्या घरी तर शांत सागर कोणी नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तर दोन दिवस बोलत नव्हते."

मी हात जोडून निघालो. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसवर गेलो. वहीतली पहिली, बायकोवरची कविता फाडून घेतली आणि तिथल्याच स्टुलावर बसून कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिली : तू मला कधीच घाबरली नाहीस. पुढचं काही सुचेना. प्रेसवाल्याला म्हटलं, पुस्तक थांबव.