आडवी बाटली

सार्वमत हा शब्द मी पहिल्यांदा आमच्या गावच्या समाजमंदिरात ऐकला. वळसंगच्या पुढचं आमचं लहान गाव. देशी दारूचं दुकान बंद करा म्हणून आम्ही बायकांनी अर्ज केला होता, त्यासाठी तहसीलचे साहेब आले होते. "बायकांचं सार्वमत घेऊ," ते म्हणाले.

शेजारी माझी सासू बसली होती. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, घाबरली की तिला कानडीच सुचायची. "सार्वमत अंद्रे एनु?" तिनं मला कोपरानं ढोसलं.

"समद्या बायकांचं मत, अत्ती."

"समद्यांचं कवा एक झालंय?" ती पुटपुटली.

साहेबांनी रीत सांगितली. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का मारायचा. पण गावच्या मतदारयादीत जेवढ्या बायका आहेत, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद.

"आन ज्या येणारच न्हाईत त्या?" मी विचारलं.

"त्या दुकानाच्या बाजूनं, असंच धरा," साहेब म्हणाले.

गावातल्या कितीतरी बायका अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत कामाला, खोल्या करून शहरातच राहणाऱ्या. मीही तिथंच टॉवेलच्या कडा शिवायला रोज जायची. माझा नवरा आधी त्याच कारखान्यात माग चालवायचा. पुढे त्याचे हात इतके थरथरायला लागले की तुटलेला धागा जोडता येईना. त्याला काढलं. मग कावीळ झाली. "आता प्यायलात तर मी काही करू शकणार नाही," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

एका सकाळी तो शुद्धीत होता. चुलीपुढे येऊन बसला आणि खाली बघून म्हणाला, "बंद करा की गं ते दुकान. दारात हाय तोवर माझ्यानं सुटत न्हाई."

आमच्या लग्नानंतर त्यानं माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच.

मतदानाच्या आदल्या दिवशी पाळी सुटताना मी कारखान्यांच्या गेटवर उभी राहिले. गावची एकेक बाई दिसली की तिचे हात धरत होते. "उद्या या गं. एवढं शिक्का मारून जावा."

"वैनी, खाडा झाला तर दुसरी बाई लावतील," एक जण म्हणाली. तिची मान वर होत नव्हती. दुसरी म्हणाली, "बघते." तिसरी तर मला चुकवून सायकलवरून निघून गेली. तिचा राग करावा तर तिचाही नवरा पिणाराच होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मतदान झालं. नवरा सकाळपासून प्यायला नव्हता. घाम फुटत होता, तरी म्हातारीला स्वतः हाताला धरून त्यानं रांगेत आणलं. आत तिनं मोठ्यांदा विचारलं, "आडवी कंची?" सगळ्या हसल्या. त्या दिवशी तेवढंच हसणं झालं.

संध्याकाळी मोजणी संपली. आलेल्या जवळपास साऱ्या बायकांनी आडवीवर शिक्का मारला होता. पण यादीतल्या निम्म्या काही भरल्या नाहीत. बाहेर कुणीतरी फटाके लावले. साहेब कागद आवरत म्हणाले, "लगेच पुन्हा मागता येत नाही, ताई."

मी नवऱ्याला शोधायला बाहेर आले. तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. "घरी चला. भाकरी टाकते."

"समद्यांनी सांगितलं की आता, चालू ऱ्हाऊ द्या म्हणून," तो म्हणाला.

"समद्यांनी न्हाई हो! आलेल्यांनी नको म्हणलंय!"

त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली. भांडला नाही, हात उगारला नाही. सरळ दुकानाकडे चालत गेला. मी मागं पळाले, ओरडले, रस्त्यात बसले. लोक बघत होते.

पावसाळा सरायच्या आत तो गेला. सासू आता माझ्याबरोबर शहरात असते, मी कामावर गेले की खोलीत एकटी बसून असते. पुन्हा मागायची मुदत आली तशी गावच्या बायकांनी परवा नवा अर्ज लिहिला आणि सहीसाठी माझ्याकडे घेऊन आल्या. मी सही केली. मतदानाला येशील ना, असं त्यांनी विचारलं. माझ्या जागेवर दुसरी बाई बसवायला मुकादम टपलेलाच आहे. मला हो म्हणवलं नाही.