त्रयस्थ वाचक

"माझ्या नावाने लिहिलंत ते एक वेळ गिळलं असतं. पण गेलेल्या आईंना कशाला साक्षीला उभं केलंत?" बायकोने टॅब त्याच्या ताटाशेजारी आपटला.

घरात त्याला सगळे मायलॉर्ड म्हणत. वकिली शिकला होता, पण पहिल्याच खटल्यात न्यायाधीशांपुढे दातखीळ बसली आणि त्याने कोर्टाची पायरी सोडली ती कायमची. मग लॉ कॉलेजात शिकवू लागला आणि तिथे अभिरूप न्यायालयाची स्पर्धा सुरू केली. खटला लुटुपुटीचा, न्यायाधीश उसने, बाजू चिठ्ठी टाकून वाटलेली. तिथे मात्र त्याची जीभ तलवारीसारखी चाले.

निवृत्तीनंतर त्याने इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात स्पर्धेची नोंद लिहिली. संपादकांनी विचारलं, कॉलेजाबाहेरच्या कुणी हिच्याबद्दल कुठे लिहिलंय का? नसेल तर नोंद काढू. मतं मागवली. बाहेरचं कुणी मिळेना, म्हणून मायलॉर्डने घरचीच माणसं बाहेरची केली आणि त्यांच्या नावाने मतं स्वतःच लिहिली. मुलगी म्हणाली, ठेवा. बायको म्हणाली, ठेवा. आणि स्वतःच्या आईच्या माहेरच्या नावाने खाली लिहिलं होतं, "मी एक त्रयस्थ वाचक. ही स्पर्धा दरवर्षी आवडीने बघते."

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं अंग पुसायला, कूस बदलायला बायकोच होती. स्पर्धेच्या दिवसांत त्या लेकाला हाका मारत राहायच्या. हा दारातूनच "बरं आहे ना?" विचारायचा आणि टाय सारखा करत निघायचा.

मायलॉर्डने शांतपणे घास चावला. अशिलाची बाजू मांडणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं त्याने समजावून सांगितलं.

"त्यांचं वकीलपत्र तुम्हाला कुणी दिलं?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "नोंद गेली तर माझ्यामागे काय उरणार गं?"

समोर जेवत बसलेल्या मुलीने मान खाली घातली. बायकोला मात्र कणव आली नाही. त्याच्या ओठाला चिकटलेलं शीत तिला दिसत होतं, आणि या तोंडाशेजारी आपण इतकी वर्षं झोपलो, असं तिच्या मनात आलं. तिने टॅब ओढला, पदराने पुसला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"तिन्ही मतं यांचीच आहेत, नोंद काढून टाका, असं मी तिथे लिहिलंय," ती ताटं उचलत म्हणाली. "आणि आजपासून मी आईंच्या खोलीत झोपणार आहे."