सगळे वर आले का

राजकारणात असूनही मोजेसान स्वतःचं नाव कधी सांगत नसत. जपानमध्ये खासदार आणि खासदार होऊ पाहणारे सकाळी स्टेशनच्या तोंडाशी उभे राहतात. पाठीमागे नावाचा झेंडा, हातात माइक, आणि कामावर निघालेल्या प्रत्येकाला वाकून नाव ऐकवायचं, अशी इथली पद्धत. मोजेसान ओजिमा स्टेशनच्या जिन्याशी माइक न घेता उभे राहत आणि फक्त "इत्तेराश्शाई" म्हणत. आपण घरातून निघणाऱ्याला "जाऊन या" म्हणतो, तसंच ते. इथेही ते घरच्यांनीच म्हणायचं असतं. अनोळखी माणूस म्हणाला की दचकायला होतं.

मोजेसान हे नाव माझ्या बायकोने, वृंदाने ठेवलं. इथले पुढारी सकाळी पांढरे हातमोजे घालतात, आणि सान म्हणजे आपलं राव. यांचे नेहमी नुकती इस्त्री केल्यासारखे असत. आमच्या वसाहतीतल्या मराठी बिऱ्हाडांत ते नाव इतकं रुळलं की झेंड्यावरचं खरं नाव वाचायची कुणाला गरजच पडली नाही.

मी मुंबईच्या एका बँकेतर्फे हिशेब तपासनीस म्हणून इथे आलो. नेमणूक तीन वर्षांची होती, ती वाढत गेली. दुसऱ्याचा वेळ फुकट गेलेला मला बघवत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी मोडक्या जपानीत त्यांना सांगितलं की मी परदेशी आहे, मला इथे मत नाही. ते मतदारांपुढे वाकत तेवढेच माझ्यापुढे वाकले आणि म्हणाले, "मत नसलं तरी गाडी चुकते ना? जाऊन या."

ते उभे राहत त्या खांबावर एक निळा पट्टा रंगवलेला आहे. आमचा भाग नदीच्या पातळीपेक्षा खाली आहे. बांध फुटला तर पाणी कुठवर चढेल, ते तो पट्टा सांगतो. तो माझ्या डोक्याच्याही वर आहे. रोज हजारो माणसं त्याच्याखालून जिना उतरून भुयारी गाडी पकडतात, आणि कुणी वर बघत नाही. मीही बघत नसे. एकदा मोजेसानांनी हातमोज्यातलं बोट वर केलं आणि विचारलं, "तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

मी अकरावा सांगितला. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. वादळाच्या दिवशी खालच्या मजल्यांवरच्या लोकांसाठी दार उघडं ठेवाल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो. वृंदा म्हणाली, "दार काय, चहाही ठेवते. पण त्यांना सांग, चपला बाहेर रांगेत." दुसऱ्या दिवशी मी हा निरोप जसाच्या तसा दिला. चपलांची अट त्यांना फार पटली.

इथल्या संसदेत बोललेला प्रत्येक शब्द छापला जातो आणि कुणालाही वाचता येतो. माझं जपानी कच्चं, म्हणून मी मुलीला, मुक्ताला, शेजारी बसवून मोजेसानांची कारकीर्द वाचून काढली. खालच्या सभागृहात दोन मुदती. त्यांच्या नावावर एकही कायदा नाही. प्रत्येक अधिवेशनात समितीपुढे एकच प्रश्न, तोच: पाणी आलं तर खालच्या मजल्यांवरची माणसं कुठे जातील, आणि सगळी वर आली की नाही हे कोण बघेल? त्यात मत नसलेलेही धरा, असं शेवटी जोडलेलं. मंत्री बदलत गेले. उत्तर मात्र दर वेळी, यावर अभ्यास करण्यात येईल. मुक्ता वैतागायची. "बाबा, तुझे मोजेसान परत तेच बोललेत," असं म्हणून पुढचं जपानीत काहीतरी पुटपुटायची. ताळेबंद म्हणून बघितलं तर जमेच्या बाजूला मलाही काही सापडलं नाही.

तिसऱ्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याने हेच पत्रकावर छापलं: दोन मुदती, एकच प्रश्न. मी ते पत्रक मोजेसानांना दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त उत्तर आलं नाही, हे लिहायचं राहिलं."

त्याच दिवसांत मुक्ताला विद्यापीठात प्रवेश मिळाला. आपल्या सवयीप्रमाणे मी वृंदाने केलेल्या पेढ्यांचा डबा घेऊन सकाळी स्टेशनवर गेलो आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या मदतनीस बाई धावतच मध्ये आल्या. परदेशी माणसाने राजकारण्याला देणगी द्यायची नाही, असा इथे कायदा आहे, आणि ऐन निवडणुकीत मी तिथे सगळ्यांदेखत डबा उघडून उभा होतो. मोजेसानांनी दोन्ही हातांनी डब्याचं झाकण लावलं. "कायदा पैशांचा आहे की पेढ्यांचाही, हे ठरवायला वकील लागेल," ते म्हणाले. "तोवर पेढे नासतील. मी हरलो की आणा."

ते हरले. हरलेल्या उमेदवारानेही दुसऱ्या सकाळी उभं राहून लोकांची माफी मागायची, असा इथला रिवाज. ते नेहमीच्या खांबाशी होते, झेंडा नव्हता. मी डबा पुढे केला. त्यांनी फक्त डाव्या हातातला मोजा काढला आणि डाव्या हाताने पेढा घेतला. आपल्याकडे कुणी खायची वस्तू डाव्या हाताने घेत नाही. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"माफ करा," ते म्हणाले. "लहानपणी आमच्या गावात समुद्र शिरला होता. आम्ही दोघं जिन्यात होतो. उजव्या हातात धाकट्या बहिणीचा हात होता."

मी विचारलं की हे इतक्या वर्षांत भाषणात का नाही सांगितलं. सांगितलं असतं तर कदाचित निवडून आला असतात. त्यांनी पेढा संपवला, मोजा परत चढवला. "तिच्या नावाने मत कसं मागू?" एवढंच म्हणाले, आणि जिना उतरणाऱ्या एका मुलाला वाकून "जाऊन या" म्हटलं.

पुढच्याच वर्षी मोठं वादळ आलं. दुपारपासून रस्त्यावरचे भोंगे इशारे देत होते, पण पावसात शब्द कळत नव्हते. मोजेसान आता कुणीच नव्हते. साधा रेनकोट घालून ते आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एकेक दार वाजवत होते. लोकांना वर येताना संकोच वाटत होता. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, हे इथे हाडीमासी भिनलेलं असतं. तळमजल्यावरच्या सातो आजी तर म्हणत होत्या, मी बुडाले तरी चालेल, पण परक्याच्या घरात कशी जाऊ? मोजेसानांनी त्यांना सांगितलं की वरच्या बाईंनी चहा ठेवलाय, गेला नाहीत तर तो फुकट जाईल. मग त्या निघाल्या.

संध्याकाळपर्यंत आमचं घर आणि बाहेरचा पॅसेज भरला. चपला रांगेत होत्या. मुक्ता जपानीत सगळ्यांना चहा विचारत होती. मोजेसान आत आले नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीशी बसून खाली बघत होते. आमच्या जिन्यावरची खालची सगळी बिऱ्हाडं आली होती. मी स्वतः खाली जाऊन दारं पाहिली होती. इथे गुरुजींना आणि पुढाऱ्यांना मान देऊन हाक मारतात तशी त्यांच्याजवळ जाऊन मारली, "सेन्सेई, सगळे आले."

"हो," ते म्हणाले.

आणि खाली बघत राहिले. रिकामा, ओला जिना. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली, मोज्याशिवाय. मी चहा आणला. तो त्यांच्याजवळ निवून गेला.

पाणी आलं नाही. बांध टिकला. सकाळी लोक एकमेकांची माफी मागत खाली गेले, आणि झालेल्या त्रासाबद्दल मोजेसानांनी प्रत्येकाची माफी मागितली. त्या हिवाळ्यात ते वारले. वॉर्डाच्या पत्रिकेत दोन ओळी आल्या: दोन वेळा निवडून आले, अमुक समितीचे सदस्य. जिन्याबद्दल काही नव्हतं. कुठे नोंद व्हावी अशी ती गोष्टही नव्हती.

खांबाशी आता दुसरे कुणी कुणी उभे राहतात, माइकवर नाव सांगतात. तरी गर्दी खांबालगतची एक माणूस मावेल एवढी जागा सोडून जिना उतरते, असं मला वाटतं. वृंदा म्हणते, तुझा भ्रम. असेलही. पण मी तरी तिथून वाकल्याशिवाय खाली जात नाही.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा इशारा आला. कुणी बोलवायला गेलं नव्हतं, तरी खालचे लोक आपणहून अकराव्या मजल्यावर आले. सातो आजी आता थकल्यात. दोघांनी त्यांना धरून आणलं, आणि आल्या आल्या त्यांनी आपल्या चपला इतरांच्या रांगेत नीट लावल्या. सगळे आत बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "सगळे आले. आता दार लावा, गारठा येतोय."

मी दाराशी गेलो आणि जिन्याकडे बघत उभा राहिलो.

"बाबा," मुक्ताने आतून जपानीत विचारलं, "कोण यायचंय अजून?"

"बघतो जरा," मी म्हटलं, आणि दार तसंच राहू दिलं.