मला उचलू नका

मागच्या मंगळवारी सकाळी आमच्या कॉलनीत टँकर आला. वाळूजच्या कंपन्यांमुळं शहर आमच्यापर्यंत पोचलं, घरं झाली, नळ बसले... पाणी तेवढं यायचं राहिलंय. यंदा तर बोअरही आटले.

शेजारच्या संगीताचा ड्रम भरायला मी पाइप घेऊन तिच्या घरी गेले, दारातल्या ड्रमात पाइप सोडला. (नाव बदललंय. तिला वाचून दाखवूनच हे टाकतेय.) संगीताला लहानपणी पोलिओ झाला, कुबड्यांवर चालते. नवरा कंपनीत, फर्स्ट शिफ्टला.

या नवऱ्याचं आमच्या गल्लीत केवढं कौतुक! हळदीकुंकू असो, दवाखाना असो, मतदान असो... बायकोला दोन्ही हातांवर उचलून आणायचा. बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "बघा, शिका जरा!"

दार नुसतं लोटलेलं होतं. आत संगीता हातांवर जोर देऊन, फरशीवरून सरकत मोरीकडं चालली होती. साडी भिजलेली. मला बघून तिनं आधी पायांवर साडी ओढली...

"अगं, कुबड्या कुठंयत?" मी विचारलं. तिनं नुसतं वर बघितलं. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीमागं त्यांची टोकं दिसत होती.

"कामावर जाताना वर टाकून जातात, मावशी. आल्यावर मनात आलं तर काढतात, नायतर राहू देतात." मग हळूच म्हणाली, "दिवसभर पाणीच पीत नाय मी. प्यालं की जावं लागतं..."

बाहेरून टँकरवाला ओरडत होता, "ओ मावशी, झोपलात का? पाइप काढा की!" ड्रम भरून वाहत होता आणि मला भानच नव्हतं.

स्टुलावर चढून कुबड्या काढल्या. माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण त्या दिवशी त्यांनी कुरकुर केली नाही. संगीता एवढंच म्हणाली, "मला कुणाला तरी सांगायचंय. पण त्यांच्यासमोर नाय. त्यांच्यासमोर माझं तोंडच उघडत नाय."

महिला हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी शहरातल्या मदत केंद्राचा पत्ता दिला आणि आम्ही रिक्षा केली.

केंद्र पहिल्या मजल्यावर. अरुंद जिना, उंच पायऱ्या, धरायला कठडा नाही. आणि खाली गाडीला टेकून कोण उभं? तिचा नवरा! रिक्षावाल्याला सांगितलेला पत्ता ऐकून गल्लीतल्या कुणीतरी चांगल्या मनानंच त्याला कंपनीत फोन करून कळवलं होतं... बायकोला उचलायला जा म्हणून.

दारातल्या शिपाईबाईंना तर हायसं वाटलं. "बरं झालं दादा आले. घ्या उचलून वर. नशीब काढलंस गं पोरी!" तो वाकला.

"हात लावू नका! उचलू नका मला!" संगीताचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रस्त्यावरची माणसं थांबली.

"अगं, नवराच आहे ना तुझा?" शिपाईबाई म्हणाल्या.

"म्हणूनच."

तो आवाज ऐकून तिथल्या समुपदेशक शबाना मॅडम जिना उतरून आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. नवऱ्याला म्हणाल्या, "भाई, तुम्ही वर जाऊन बसा. पंखा लावलेला आहे." तो गेला, आणि त्या स्वतः खालच्या पायरीवर संगीताला खेटून बसल्या. मलाही बाजूला पाठवत होत्या, पण संगीतानं माझा हात सोडला नाही.

"मारतात का?" मॅडमनी विचारलं.

"नाय."

शिपाईबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच कांगावा केलाय. वाटलं, आता उठवतात की काय! पण मॅडम हलल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, "तुमचा दिवस कसा जातो ते सांगा. अगदी सकाळपासून."

मग संगीता बोलत गेली. पाण्याचं, मोरीचं, माळ्याचं... "मारायची गरजच पडत नाय त्यांना, मॅडम. कुबड्या वर टाकल्या की मी गप." मॅडम म्हणाल्या, "हा पण छळच आहे. कायद्यात बसतो. तसंच लिहू."

वर नवरा रडत होता म्हणे, "मी हिला फुलासारखी जपली." खरं सांगू... त्याला ते मनापासून तसंच वाटत असेल. त्याचीच जास्त भीती वाटते.

पुढचं सोपं नव्हतं. मॅडमनी निवारागृहांना फोन लावले. एकानं विचारलं, "स्वतःचं स्वतः करते का?" दुसरं तिसऱ्या मजल्यावर. कुणी वाईट बोललं नाही, पण अशी बाई येईल हे बांधताना कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, माझं घर आहे की!

कोर्टाची तारीख यायचीय. गल्लीत काहीजणी तोंडावर म्हणाल्या, "मावशी, देवमाणसाचा संसार मोडलात." म्हणू देत.

सुताराला बोलावून माझ्या बाथरूमची आतली कडी खाली बसवून घेतली, बसल्या जागी हात पोचेल अशी. काल संगीता आत गेली, कडी लागली आणि बराच वेळ बाहेरच येईना. शेवटी मी हाक मारली, "संगे, बरी आहेस ना गं?"

"बरी हाय. येते माझी मी... सावकाश."

शबाना मॅडम, तिचं "नाय" ऐकूनही तुम्ही बसून राहिलात. तुमचे उपकार मी विसरायची नाही.