शेजारच्या अंगणातली आमची वळचण

पुढच्या दाराशी जुन्या वळचणीच्या फळ्या रचून ठेवल्यात. बंबात घालायच्या म्हणून ठेवल्या, पण माझा हात काही होत नाही. ऊन तापलं की त्यांचा वास घरभर येतो, भिजलेल्या सागाचा, जुन्या डांबराचा, थोडा शेवाळाचाही. आमच्या लोणावळ्याकडचा पाऊस छपराच्या कडेलाच आधी खातो. वाशांची तोंडं झाकणारी ती लांब फळी पार भुसभुशीत झाली होती, बोट लावलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तुटायची. आणि वाशांना खालून ठोकलेली फळ्यांची तक्तपोशी तर मधोमध पोट सुटल्यासारखी लोंबत होती. वास कुबट म्हणावा तर कुबटच आहे, पण मी येता-जाता तिथं उगीच थांबते. त्या वासात मला माझी शेजारीण भेटते. मी तिला अक्का म्हणायची.

कुसगावला आम्ही आणि अक्कांनी शेजारी शेजारी जागा घेतल्या, तेव्हा दोघींचेही मालक रेल्वेत होते. आमच्या ह्यांचा हिशेब असा, की जागेचे पैसे मोजलेत तर एक वीतही वाया घालवायची नाही. म्हणून मागची भिंत ह्यांनी थेट हद्दीवर चढवली. दोरी लावून, ओळंबा धरून, अगदी शिस्तीत. भिंत झाली, वासे चढले, कौलं बसली, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की छपराला भिंतीच्या बाहेर यावं लागतं! आमच्याकडचा पाऊस आडवा. वळचण नसेल तर विटा पाणी पिऊन पिऊन फुगतील. तेव्हा भिंत आमच्या हद्दीत, आणि वळचण चांगली दीड हात अक्कांच्या अंगणात. तुम्हाला हसू येईल, पण ही चूक आमच्या गल्लीत आणखी दोघांनी केली आहे.

अक्कांचे मालक कामावरून आले, वर बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, डोकं तुमचं आन् टोपी आमच्या अंगणात, व्हय?"

आमचे हे खाली बघत उभे. घराचा पहिलाच दिवस आणि भांडण दाराशी. तेवढ्यात अक्का खरकट्या भांड्यांची पाटी घेऊन बाहेर आल्या. वळचणीखाली पाटी टेकवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "असू द्या की. उन्हात भांडी घासून पाठ भाजतीया माजी. आयतं छप्पर आलंय, ते का घालवताय?"

झालं, त्या दिवशी त्यांचा घासायचा दगड आमच्या वळचणीखाली आला तो कायमचा. त्याच भिंतीत माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. बाहेर त्या भांडी घासताहेत, आत मी भाकऱ्या थापतेय, मध्ये खिडकीचे चार गज. आमचं सगळं आयुष्य त्या गजांतून इकडचं तिकडं झालं म्हणा ना. माझी आमटी लागली तर मला कळायच्या आधी बाहेरून आवाज यायचा, "ताई, ध्यान कुटं हाय? करपली बगा!" दिवाळीच्या करंज्या मी गजांतून आडव्या करून द्यायची. बुद्धपौर्णिमेला त्यांची खीर यायची, पण पातेलं काही गजांतून जात नाही. मग त्या ओगराळं आत घालायच्या आणि मी खाली माझं पातेलं धरायची. अर्धी खीर ओट्यावर. पुढच्या दारानं यायला कुणाची बंदी होती का? पण आम्हा दोघींना ते सुचलंच नाही कधी.

आणि दुरुस्ती निघाली की आणखी मजा. वळचणीची कड आमच्या बाजूनं हाताला लागतच नाही, शिडी अक्कांच्याच अंगणात लावावी लागते. त्या खाली उभ्या राहून सुताराला दटावायच्या, "खिळं नीट मार बाबा, फळी ताईंची आसली तरी पडायची माज्याच टाळक्यात."

अक्का गेल्या, त्यांचं घर बरीच वर्षं कुलपात होतं. यंदा मी जुनी वळचण काढून नवी करायला घेतली आणि नेमकं तेव्हाच कळलं, की त्यांचा मुलगा चिंचवडहून परत राहायला येतोय, मागं नवी खोली बांधणार आहे. माझ्या लेकानं फोनवर सांगितलं, "आई, कागदावर आपलं काहीच नाही. तो काप म्हणाला तर कापावी लागेल." कापली म्हणजे भिंत भिजणार, खिडकी पत्रा ठोकून बंद करावी लागणार. भाजे गावचे सुतार जुन्या फळ्या उतरवून बसलेले. "मावशी, काय ते आधी ठरवा. येकदा ठोकलं की मी काडणार न्हाई." मी त्यांना थांबवलं आणि अक्कांच्या मुलाला बोलावून घेतलं.

रविवारी तो बायकोला घेऊन आला. तोंडवळा हुबेहूब बापाचा, म्हणून मी आधीच धास्तावलेली. उघड्या वाशांकडं तो बराच वेळ बघत राहिला.

म्हटलं, "बाळा, हे तुझ्या हद्दीत आहे. तू म्हणशील तसं. कापायची तर सुतार इथंच आहेत."

त्यानं टेप काढून मापं घेतली. माझा जीव टांगणीला. मग म्हणाला, "मावशी, येक अडचण हाय. तुमच्या पागोळ्या माज्या नव्या जोत्यावर पडतील."

"मग रे?"

"मग काय, पन्हळ लावा. पाणी पुढं गटारात सोडा."

"आणि वळचण?"

"तिला काय झालं?" तो हसला. "शाळंतनं आल्यावर आई घरात कदी सापडली का मला? दप्तर घिऊन सरळ हितंच यायचो. खोलीची भिंत मीच हातभर मागं घेतो. तेवढ्यानं खोली काय ल्हान होत न्हाई."

मला पदर डोळ्यांना लावावा लागला. सुतार तोंड फिरवून उगीच पटाशी पुसत बसले.

शिडी पुन्हा त्याच अंगणात लागली, आणि ती त्यानंच धरली. आता कडेला सिमेंटची पट्टी आणि पन्हळ आहे, आणि खाली पांढरी पीव्हीसी. वाळवी लागत नाही म्हणे. दिसायला दवाखान्यासारखी दिसते, पण होईल हळूहळू मळकी, म्हणजे घरातली वाटेल.

परवा मी कुकर लावत होते, तर खिडकीबाहेर अक्कांची सून घुटमळताना दिसली. हातात धुण्याची बादली. म्हणाली, "मावशी, हितं खाली दोरी बांधली तर चालंल का?"

"अगं, अंगण तुझंच आहे. मला काय विचारतेस?"

"छप्पर तुमचं हाय ना, म्हणून."

दोरी बांधली तिनं. कपडे वाळत घालते आणि मुकाट्यानं आत जाते. माझ्या पांढऱ्या केसांची भीड पडते बिचारीला. मीही घाई करत नाही. अक्का तरी पहिला पावसाळाभर माझ्याशी कुठं बोलल्या होत्या? नुसत्या भांडी घासायच्या, आणि मी आत मुद्दाम जरा हळू हळू भाकऱ्या थापायची.