विंझरच्या माळावरचे नऊ खड्डे

भोरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो आणि सुट्टीत गोल्फ खेळायचो. हे सांगितलं की लोक एक तर हसतात, नाही तर मास्तरांना तेव्हा पगार किती होता असं विचारतात. पगार बेताचाच होता. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि माझ्या हौसेला खरोखरच फारसं मोल पडलं नव्हतं. भाटघरच्या धरणाचं काम संपलं, तिथला एक गोरा इंजिनिअर मायदेशी निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. मी गेलो होतो पुस्तकांच्या कपाटासाठी. कपाट दुसऱ्याच कुणी नेलं आणि कुणालाच नको असलेली, सात काठ्यांची एक फाटकी कातडी पिशवी माझ्या गळ्यात पडली. तिच्यात दीडेक डझन चेंडू होते आणि हा खेळ कसा खेळावा हे सांगणारं एक मळकं पुस्तक होतं. मी पडलो मास्तर. पुस्तक हाती आलं की विद्या आलीच, अशी आमची समजूत.

भोरात खेळायची सोय नव्हती. नदीकाठी एकदा प्रयत्न केला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर माझं काठी उगारलेलं चित्र निघालं. चित्र कुणी काढलं ते मला ठाऊक होतं, पण काढलं झकास होतं, म्हणून सोडून दिलं. हेडमास्तरांनी मात्र खोलीत बोलावून चांगली कानउघाडणी केली. तेव्हाच ठरवलं, खेळायचं ते लांब जाऊन.

माझी थोरली बहीण विंझरला दिलेली होती. शनिवारी अर्ध्या दिवसानं शाळा सुटली की सर्व्हिस मोटारीनं नसरापूर गाठायचं, तिथून मिळाली तर बैलगाडी, नाही तर काठ्या खांद्यावर टाकून पायी. दिवेलागणीला बहिणीच्या दारात. रविवारी दुपारपर्यंत खेळ आणि मग परतीची वाट. दिवाळीत चार दिवस मिळायचे. राहायला फुकट, पिठलं-भाकरी फुकट, आणि वर बहिणीचे टोमणेही फुकटच. "लोक सुट्टीत तीर्थाला जातात, आमचा शहाणा माळावर काठ्या आपटायला येतो," असं ती शेजारणीला मला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची.

गावाच्या वरच्या अंगाला एक लांबट माळ होता. पावसाळा सरला की धनगरांची मेंढरं तिथलं गवत अगदी मुळापर्यंत कुरतडून खायची. विलायतेतसुद्धा या खेळाची हिरवळ पूर्वी मेंढरांनीच राखली, असं माझ्या पुस्तकात होतं, त्यामुळे माझा ऊर भरून आला. मेव्हण्यांची कुदळ मागून घेतली आणि नऊ खड्डे खणले. प्रत्येक खड्ड्यात बूड काढलेला पत्र्याचा डबा बसवला आणि शेजारी जुन्या धोतराच्या चिंधीचं निशाण रोवलं. एका अंगाला राजगड, मधून ओढा, ओढ्याच्या काठाला घाणेरीची झुडपं. माझे निम्मे चेंडू त्या घाणेरीनंच गिळले.

माळावर ज्याची मेंढरं चरायची तो धनगर माझ्याच वयाचा होता. त्याचा एक पाय किंचित आखूड होता, लंगडत चालायचा. दोन रविवार तो नुसता घोंगडी पांघरून दगडावर बसला आणि माझा खेळ बघत राहिला. तिसऱ्या रविवारी त्यानं घोंगडीचं टोक माझ्यापुढं सोडलं. आत माझे हरवलेले अकरा चेंडू! मी खिशात हात घातला, तर तो चिडला.

"पडल्यालं उचाललं मास्तर, त्याचं कसलं पैसं? द्यायचंच आसंल तर येक डाव मला मारू द्या."

मी दिली काठी. मेंढराला आडवं जाताना धरतात तशी त्यानं ती धरली, पुस्तकातल्या एकाही चित्राशी तिचा मेळ नव्हता. मी दुरुस्त करायला तोंड उघडतो न उघडतो तोच चेंडू ओढ्यापलीकडे गेला आणि चौथ्या निशाणाच्या जवळ जाऊन थांबला.

"हात्तिच्या! येवढंच व्हय?" तो म्हणाला.

पाच महिने पुस्तक पाठ करून मला ओढा ओलांडता आला नव्हता. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून आम्ही बरोबरच खेळलो, तीन हिवाळे. मी तापट. फटका हुकला की काठी भिरकावून द्यायचो. तो लंगडत जाऊन ती उचलून आणायचा आणि धोतराला पुसत म्हणायचा, "मास्तर, काठीचा काय गुन्हा?" त्यानं त्या तीन वर्षांत माझ्याकडून एक पै घेतली नाही. चेंडू शोधल्याची नाही, खड्डे राखल्याची नाही. उलट निघताना ताकाचं मडकं हातात द्यायचा.

मी त्याच्या घरी रुपया दिला तो एकदाच. त्याला मुलगी झाली तेव्हा मी त्यांच्या वाड्यावर, म्हणजे धनगरवस्तीवर, बघायला गेलो. तान्हं पहिल्यांदा बघताना हात रिकामा असू नये, ही आपल्याकडची रीत. मी त्या एवढ्याशा मुठीत चांदीचा रुपया ठेवला. पोरीनं तो धरला काही नाही. बापानं उचलून तिच्या आईच्या पदराला बांधला. झालं, एवढंच.

त्यानंतरच्या वर्षी पुण्यातल्या काही हिंदी गृहस्थांनी हौशी खेळाडूंसाठी एक स्पर्धा ठेवल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. दोन दिवसांचा खेळ, ज्याचे फटके सर्वांत कमी त्याला कप. अट एकच होती, खेळणारा हौशी पाहिजे. खेळाबद्दल किंवा खेळणाऱ्याची चाकरी करून ज्यानं पैसा घेतला तो धंदेवाईक, त्याला मज्जाव. मी त्याला वाचून दाखवलं. मला वाटलं हसेल, पण तो दगडावरून उठून जवळ आला. मग म्हणाला, "जिकल्याव नाव पुकारत्यात का? जत्रंत कुस्तीला पुकारत्यात तसं?"

"पुकारतात की. नाव आणि गाव, दोन्ही."

"आमच्या वाड्याचं नाव आजवर कुणी पुकारल्यालं न्हाई मास्तर. माझा भाऊ कुस्त्या धरायचा, पर हारायचाच. माझा तर ह्यो पाय." मग म्हणाला, "कप तुमी ठिवा. मला नाव ऐकायचंय."

मेंढरं चुलतभावावर सोपवून तो माझ्याबरोबर निघाला. चुलतभाऊ म्हणाला होता, "जा, सायेब हो!" बहिणीनं तीन दिवसांच्या भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. पुण्यात धर्मशाळेत उतरलो. सकाळी मैदानावर गेलो, तर सगळे कोट-टोपीवाले, आणि हा धोतर, बंडी, मुंडाशात. काही जण हसले. त्याचं लक्षच नव्हतं. तो वाकून हिरवळीवरून हात फिरवत होता. "ह्यांची मेंढरं कुठं हायती?" त्यानं मला हळूच विचारलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फळ्यावर आकडे लागले. तो सगळ्यांच्या पुढे, चार फटक्यांनी. दुसरा मी. तिसरे एक वकील होते.

त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी फळ्यावर त्याचं नाव बोटानं दाखवलं. त्यानं ते लांबूनच बघितलं, जवळ गेला नाही. "वरचं ते माझं?" दोनदा विचारलं. मी 'हो' म्हणालो आणि आतून जळालो. आज लपवण्यात काय अर्थ आहे? काठ्या माझ्या, पुस्तक माझं, माळावरचे खड्डे मी खणले, भोरात हसं माझं झालं, आणि वरचं नाव याचं. असल्या हिशेबात माणूस एकदा शिरला की तो माणसातून उठतो.

तेवढ्यात वकिलांनी तक्रार केली. माळावरचं सगळं यानंच दुपारी गप्पांत त्यांना सांगितलं होतं. हा मनुष्य मास्तरांचा गडी आहे, चेंडू शोधतो, मैदान राखतो, म्हणजे पैसे घेतच असणार. स्पर्धेचे चिटणीस सज्जन होते. त्यांनी मंडपात आम्हा दोघांना बोलावलं आणि त्यालाच सरळ विचारलं, "काय रे बाबा, हे मास्तर तुला काही देतात का?"

आता आपल्याकडे हा प्रश्न कोण कुणाला विचारतं? गड्याला विचारतात, धनी बरा आहे ना, म्हणून. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा कोपरावर ठिगळ लावलेला कोट पाहिला. त्याला वाटलं, ही बडी मंडळी मास्तरांना कवडीचुंबक समजतायत. त्यानं छाती पुढे काढली.

"देत्यात की! मास्तर लई दिलदार माणूस. चांदीचा रुपया दिलाय मला, बंदा!"

वकील नुसते हसले. चिटणीस माझ्याकडे वळले. "खरं का, मास्तर?"

एक वाक्य पुरलं असतं. 'तो रुपया याच्या तान्ह्या मुलीच्या मुठीत ठेवला होता.' बस. चिटणीस स्वतः लेकुरवाळे होते, मंडपात एकही माणूस असा नव्हता की ज्याला ही रीत माहीत नव्हती. वकीलसुद्धा गप्प बसले असते. ते वाक्य माझ्या ओठांवर आलेलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याच वेळी मला फळा दिसत होता. वरचं नाव पुसलं की वर कोण येणार, हे कळायला गणिताचा मास्तर लागत नव्हता.

"रुपया दिला होता," मी म्हणालो.

अक्षर न् अक्षर खरं. आयुष्यात मी इतकं खरं आणि इतकं नीच दुसरं काही बोललो नाही.

चिटणीसांनी त्याला नियम समजावून सांगितला, फार सौम्यपणे. त्याला निम्माच कळला असावा. तो पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होता, मी सांभाळून घेईन म्हणून. मी बुटाची नाडी बांधत बसलो. शेवटी तो म्हणाला, "बरं. नेम म्हंजी नेम." दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, हा धर्मशाळेतच राहील. छे! पहाटे उठून त्यानं माझ्या काठ्या पुसून ठेवल्या होत्या. दिवसभर पिशवी घेऊन माझ्यामागून लंगडत हिंडला, वारा कुठून आहे, उतार कुठं आहे, सगळं सांगत. त्याच्या जिवावर मी एका फटक्यानं जिंकलो. माझं नाव पुकारलं, भोरचं नाव पुकारलं. सर्वांत मोठ्यानं टाळ्या कुणी वाजवल्या असतील? त्यानंच. मोटारीत तो म्हणाला, "घरातलं घरातच ऱ्हायलं, मास्तर."

दोन महिने मी विंझरकडे फिरकलो नाही. शाळेत सत्कार झाला. हेडमास्तरांनी, त्याच हेडमास्तरांनी, भाषण केलं. मला भाकरी गोड लागेना. शेवटी शिमग्याच्या आधीच्या रविवारी गेलो. गवत पिवळं पडलं होतं, पण नऊच्या नऊ खड्डे झाडून साफ केलेले, निशाणं जागेवर. तो दगडावर बसला होता. मी त्याच्यापुढे काठी धरली. त्यानं ती घेतली नाही.

"तुमी खेळा. म्या चेंडू बगतो."

"का रे? पाय दुखतो का?"

"पाय कशाचा दुकतोय! म्या पैका घेतल्याला मानूस. तुमच्यासंगं खेळलो आन् कुणी पुन्यात जाऊन सांगितलं, तर तुमचा बी खेळ बाटंल. कप काडून घेत्याल."

तिथं मला राहवलं नाही. "अरे, तो रुपया तुझा नव्हताच," मी म्हणालो. "तो पोरीचा होता. तान्ह्याच्या हातावर ठेवलेला. तो त्या नियमात बसतच नाही."

त्यानं विचारलं, "ह्ये तुमाला आता कळलं?"

"नाही. तेव्हाच माहीत होतं."

"मंग तवा का न्हाई बोलला?"

वाटेनं मी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. गडबड झाली, सुचलं नाही, चिटणीसांपुढे कसं बोलायचं. मास्तराला सबबी काय, रोज चाळीस ऐकायची सवय असते. त्या माळावर त्यातली एकही बोलवेना.

"मला जिंकायचं होतं," मी म्हणालो.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, काठ्या ओढ्यात फेकल्या असत्या, तर मी पाया पडलो असतो आणि कदाचित सुटलोही असतो. तो उठला, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

"आवं, येवढंच व्हतं तर मला सांगायचं मास्तर. म्याच हारलो आसतो की तुमच्यापाई."

आणि तो हरला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.